बिस्मथ आणि अतिसाराचे जंतू

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शहर मागे पडले, की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात, आणि हा परिसरही मुळात धानाच्या शेतांचाच. आज मात्र सिलतऱ्याची ओळख आहे ती तेथील लोखंडाच्या कारखान्यांमुळे. लोहखनिज आणि दगडी कोळसा फिरत्या भट्टीत घालून सुमारे हजार अंश उष्णतेपर्यंत तापवतात. खनिज वितळत नाही. त्यातला प्राणवायू तेवढा कोळशाच्या वायूंकडून ओढून घेतला जातो आणि मागे उरते ते सच्छिद्र, स्पंजासारखे लोखंड. पुढे ते विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे पोलाद करतात. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून आणि परप्रांतांतूनही येथे कामगार येतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूर-रतनपूरकडे मराठी कुटुंबे नांदत आली, आणि 1956 पर्यंत नागपूर व रायपूर एकाच राज्यात होते.

भट्टीसमोर राबणाऱ्या माणसाच्या अंगातून उन्हाळ्यात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. घामाबरोबर मीठही जाते. अशा माणसाला त्याच दिवशी जुलाब लागले, तर शरीरातले पाणी दोन्ही वाटांनी वाहू लागते. पटकीच्या जोरदार हल्ल्यात केवळ जुलाबांवाटे तासाला लिटरभर पाणी जाते, हे वैद्यकाने मोजून ठेवलेले आहे. म्हणजे भट्टी बाहेरून जे करते, तेच रोगजंतू आतून करतात. फरक एवढाच, की भट्टीपासून माणूस दूर होऊ शकतो. आतड्यातल्या जंतूपासून त्याला दूर जाता येत नाही. म्हणूनच अतिसार हा शब्द ऐकायला साधा असला, तरी तो जिवावर बेतणारा विकार आहे; आणि लहान मूल, वृद्ध माणूस किंवा उन्हात राबणारा मजूर यांच्या बाबतीत तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

या विकारावर एका धातूचे औषध आहे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु ज्यांनी जुने दवाखाने पाहिले आहेत, त्यांना ते तितकेसे वाटणार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यावी, कंपाउंडरने पांढरी पूड पाण्यात घोटून बाटलीत भरावी, बाटलीवर मात्रांच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी चिकटवावी आणि “बाटली हलवून घ्या” असे बजावून ती रुग्णाच्या हाती द्यावी, ही त्या काळची पद्धत होती. जुलाबांसाठी दिल्या जाणाऱ्या अशा मिश्रणांत बिस्मथचा क्षार पुष्कळदा असे. बाटली हलवायची ती का? तर बिस्मथचे हे क्षार पाण्यात विरघळत नाहीत. क्षणभर तरंगतात आणि तळाशी बसतात. बाटली न हलवता औषध घेतले, तर रुग्णाच्या पोटात नुसते पाणी जाते. कंपाउंडरच्या त्या साध्या सूचनेत या औषधाचे अर्धे रहस्य सामावलेले आहे.

बिस्मथ हा धातू दिसायला रुपेरी, किंचित गुलाबी झाक असलेला आणि ठिसूळ असतो. मूलद्रव्यांच्या सारणीत त्याचा क्रमांक 83, म्हणजे शिशाच्या लगेच पुढचा. पूर्वी लोक त्याला शिशाचाच एक प्रकार समजत. 1753 साली फ्रेंच रसायनज्ञ क्लोद जोफ्र्वा यांनी तो शिशाहून निराळा आहे हे दाखवून दिले. अवघ्या 271 अंशांवर तो वितळतो, आणि पाण्याप्रमाणेच गोठताना प्रसरण पावतो. ज्या सिलतऱ्यात हजार अंशांच्या भट्ट्या आहेत, तेथे बिस्मथ ठेवायचा म्हटला तर भट्टीच्या दारापाशीच त्याचे पाणी होईल.

या धातूची शेजारमंडळी मात्र मोठी विषारी. सारणीत त्याच्या एका बाजूला शिसे आणि दुसऱ्या बाजूला पोलोनियम. पारा आणि थॅलियम हेही जवळपासचेच. अशा वस्तीत राहून बिस्मथ मात्र बराच निरुपद्रवी राहिला, याचे कारण पुन्हा तेच. त्याचे औषधी क्षार पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ते आतड्यातून रक्तात फारसे शिरत नाहीत. घेतलेल्या बिस्मथपैकी शंभरातला एक भागही शरीरात शोषला जात नाही. बाकीचा सारा आतड्यातून जसाच्या तसा पुढे सरकतो. ज्या औषधाला रक्तात जायचे नाही, आतड्याच्या पोकळीतच काम करायचे आहे, त्याला हा दोष नव्हे, गुणच होय.

औषध म्हणून बिस्मथचा इतिहास दोन शतकांहून अधिक जुना आहे. जिनिव्हा येथील वैद्य लुई ओदिए यांनी 1786 साली पोटाच्या दुखण्यावर बिस्मथचा क्षार वापरण्याची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकात तो जठराच्या जळजळीवर, जुलाबांवर आणि जखमांवरही वापरला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लहान मुलांच्या उन्हाळी जुलाबांवर एक मिश्रण विकले जाऊ लागले. बिस्मथ आणि सॅलिसिलिक आम्ल यांच्या संयोगातून बनलेले बिस्मथ सबसॅलिसिलेट हा त्याचा आधार ठरला. पुढे ‘पेप्टो-बिस्मॉल’ या नावाने ते गुलाबी औषध तेथील घराघरांत पोहोचले. 1921 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील साझेराक आणि लेव्हादिती यांनी उपदंशावर बिस्मथची टोचणी गुणकारी असल्याचे दाखवले. पेनिसिलिन येईपर्यंत ती चालू होती. तेव्हा जंतूंना मारण्याची शक्ती या धातूत आहे, हे वैद्यकाला पूर्वीच ठाऊक झाले होते. ती शक्ती अतिसाराच्या जंतूंवर कशी चालते, हे मात्र पुष्कळ पुढे उलगडले.

त्यासाठी आधी हे जंतू काय करतात ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे पटकी हा शब्दच एके काळी थरकाप उडवीत असे. गावात पटकी शिरली की मरीआईचा कोप झाला असे मानीत, आणि देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडीत. रोग पुढच्या गावाला ढकलावा, अशी त्यामागची भाबडी समजूत. परंतु रोग गाड्यातून जात नव्हता. तो विहिरीतून, ओढ्यातून आणि माणसांच्या हातांवरून जात होता. 1884 साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास येऊन पटकीने मेलेल्यांची आतडी आणि तेथील तळ्यांचे पाणी तपासले, आणि स्वल्पविरामासारखा वाकडा असा तो जंतू हेच रोगाचे कारण असल्याचे सिद्ध केले.

जंतू सापडला, पण तो माणसाला मारतो कसा, हे कोडे तसेच राहिले. ते सोडवले एका भारतीयाने. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात पटकीचे जंतू सोडण्याची पद्धत बसवली. बांधलेल्या भागात पाणी साचून तो फुगू लागला. 1959 साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. जंतू गाळून काढून टाकले आणि ज्या द्रवात ते वाढले होते तो नुसता द्रव आतड्यात सोडला. तरीही आतडे फुगले. म्हणजे जंतू आतड्याला पोखरत नाही. तो एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशींचे दरवाजे उघडे पडतात आणि शरीरातले पाणी व क्षार आतड्याच्या पोकळीत ओतले जातात.

जुलाबांचे सारे जंतू मात्र एकाच रीतीने वागत नाहीत. ई. कोलाय हा जंतू तर निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो. परंतु त्याच्या काही जाती पटकीसारखेच विष सोडतात. प्रवासात नव्या गावचे पाणी बाधणे हा जो नेहमीचा अनुभव, त्यामागे पुष्कळदा याच जाती असतात. जपानी शास्त्रज्ञ शिगा यांच्या नावाने ओळखला जाणारा शिगेला हा जंतू आतड्याच्या अस्तरात शिरतो. त्याने आव आणि रक्त पडते. साल्मोनेला अन्नातून येतो. कॅम्पिलोबॅक्टर हा कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहणारा जंतू कच्च्या मांसावरून किंवा दूषित पाण्यातून माणसात येतो.

या साऱ्यांवर बिस्मथ काय करतो, याचा एक सुरेख प्रयोग 1989 साली प्रसिद्ध झाला. बिस्मथ सबसॅलिसिलेटची पूड पाण्यात तरंगती ठेवून संशोधकांनी तीत ई. कोलाय जंतू सोडले. दर मिलिलिटरला वीस लाख जंतू होते. चार तासांनी पाहिले, तर जिवंत जंतूंची संख्या दहा हजारपटींनी घटलेली होती. वीस लाखांतले सुमारे दोनशे उरले. जंतू पुडीच्या कणांना आधी चिकटतात आणि मग मरतात, असे त्यांना दिसले. पूड विरघळत नाही, ही जी अडचण वाटत होती, तीच येथे उपयोगी पडली. प्रत्येक कण हा जणू जंतूंना पकडणारा डिंक लावलेला खडा ठरला. कणाला चिकटलेल्या जंतूचे पुढे काय होते, तेही त्यांनी मोजले. प्रत्येक सजीव पेशीत शक्तीचे चलन म्हणून एक रसायन वापरले जाते. शास्त्रज्ञ त्याला एटीपी म्हणतात. अर्ध्या तासात जंतूंच्या आतले हे चलन मूळच्या शंभरावा हिस्सा इतकेच उरले. जंतूची तिजोरी रिकामी झाली.

याच प्रयोगाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. जंतूंची संख्या वीस लाखांवरून वाढवून दर मिलिलिटरला दोन अब्ज केली, तेव्हा जंतू पुडीला पुष्कळ चिकटले. पण मेले मात्र फार थोडे. औषध तेच, प्रमाण तेच. शत्रूची संख्या तेवढी हजारपटींनी वाढली आणि औषध हतबल झाले. जो माणूस अत्यंत घाण पाणी सतत पितो, त्याच्या बाबतीत काय घडेल, याची सूचना या आकड्यांत आहे.

जठरात या औषधाचे आणखी एक रूपांतर होते. जठररसातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी संयोग होऊन बिस्मथ सबसॅलिसिलेटचे दोन भाग पडतात. एक बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आणि दुसरे सॅलिसिलिक आम्ल. ऑक्सिक्लोराइड पुन्हा अविद्राव्यच. ते पुढे आतड्यात जाते आणि तेही जंतुघ्न आहे. सॅलिसिलिक आम्ल हे ॲस्पिरिनचे भावंड; ते मात्र जवळजवळ सगळे रक्तात शोषले जाते, आणि आतड्यातला पाझर व दाह कमी करण्यास मदत करते. जठररसाइतक्या आंबट द्रवात ई. कोलाय जंतू कितीतरी लवकर मरतात, आणि त्याचे श्रेय सुटलेल्या सॅलिसिलेटला आहे, असे त्याच प्रयोगात आढळले. पटकीच्या व ई. कोलायच्या विषांचा परिणामही बिस्मथ सबसॅलिसिलेटमुळे मंदावतो, असे 1977 मधील प्रयोगांनी दाखवले होते. म्हणजे हे एकच औषध तीन आघाड्यांवर लढते. जंतूला मारते, त्याच्या विषाला अडवते आणि आतड्यातला पाझर आवरते. अफूच्या औषधांचे तसे नव्हे. गेल्या शतकांत जुलाबांवर अफू आणि अफूमिश्रित ‘क्लोरोडाइन’ सर्रास देत. अफूने आतड्याची हालचाल मंदावते आणि जुलाब थांबल्यासारखे वाटतात. पण जंतू आतच राहतो.

बिस्मथ जंतूला नेमका कोठे गाठतो, या प्रश्नाचे उत्तर सिलतऱ्याच्या लोखंडापाशी येऊन पोहोचते. माणसाप्रमाणे जंतूलाही जगायला लोह लागते. त्याच्या पेशीतली अनेक यंत्रे लोहाच्या अणूवाचून फिरत नाहीत. म्हणून तो सभोवतालचे लोह हुडकून आत ओढून घेत असतो. बिस्मथचा विद्युत्भारित अणू लोहाप्रमाणेच तीन धन भार धारण करतो. त्यामुळे जी प्रथिने लोह वाहून नेतात, त्यांच्या आसनावर बिस्मथ जाऊन बसू शकतो. आसन भरले, पण काम होत नाही. गंधक असलेल्या प्रथिनांशीही त्याचे सख्य मोठे. त्यांना तो घट्ट धरतो आणि निकामी करतो. शत्रूच्या गोटात मित्राच्या वेषात शिरण्याची ही युक्ती आहे. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालत असल्यामुळे जंतूंना बिस्मथविरुद्ध प्रतिकार कमावणे अवघड जाते.

या गोष्टीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. प्रतिजैविकांच्या अविचारी वापरामुळे पुष्कळ जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. काही जंतूंजवळ असे एक प्रथिन असते, की जे अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांचेही तुकडे करते. ते चालते जस्ताच्या अणूच्या बळावर. 2018 साली हाँगकाँग येथील संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले, की बिस्मथ त्या प्रथिनातले जस्त हुसकावून स्वतः जागा घेतो आणि जंतूचे ते हत्यार बोथट करतो. हे काम अजून प्रयोगशाळेच्या पायरीवरचे आहे; परंतु दोनशे वर्षे जुन्या पांढऱ्या पुडीकडे नव्या दृष्टीने पाहायला त्याने लावले. जठरव्रणाच्या बाबतीत तर बिस्मथने आपली उपयुक्तता सिद्ध केलीच आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरव्रणाचे कारण असल्याचे दाखवले, आणि 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जंतूवरील उपचारांत प्रतिजैविकांच्या जोडीने बिस्मथ आजही दिला जातो.

परीक्षानळीत जंतू मेला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. म्हणून माणसांवर घेतलेल्या चाचण्यांकडे वळले पाहिजे. मेक्सिकोत शिकायला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तेथील पाणी हटकून बाधत असे. डॉ. हर्बर्ट ड्युपाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या काहींना बिस्मथ सबसॅलिसिलेट व काहींना तसेच दिसणारे निरौषधी द्रव दिले. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्या 62 जणांपैकी 14 जणांना जुलाब लागले; न घेणाऱ्या 66 जणांपैकी 40 जणांना. म्हणजे शेकडा 61 चे प्रमाण शेकडा 23 वर आले. 1993 साली पेरूची राजधानी लिमा येथे लहान मुलांवर घेतलेल्या चाचणीत मीठ-साखरेच्या द्रवाच्या जोडीला हे औषध दिल्याने जुलाबांचे प्रमाण व कालावधी कमी झाला, असे दिसले.

हे यश खरे आहे. पण त्याची किंमतही पाहिली पाहिजे. मेक्सिकोतल्या विद्यार्थ्यांनी दिवसातून चार वेळा, दर खेपेस 60 मिलिलिटर असे ते औषध सलग 21 दिवस घेतले. म्हणजे रोज पाव लिटराच्या आसपास. तीन आठवड्यांच्या प्रवाशाला हे जमेल. जो मजूर वर्षाचे बारा महिने त्याच नळाचे पाणी पितो, त्याने आयुष्यभर बाटली हलवीत बसावे काय?

शिवाय बिस्मथ निरुपद्रवी असला, तरी सर्वस्वी निर्दोष नाही. फ्रान्समध्ये बद्धकोष्ठासारख्या किरकोळ तक्रारींसाठीही लोक बिस्मथचे क्षार महिनोन्महिने, वर्षानुवर्षे घेत. 1973 नंतरच्या काही वर्षांत तेथे मेंदूच्या एका विचित्र विकाराची लाट आली. तोल जाणे, हातपाय झटकले जाणे, बुद्धिभ्रंश होणे अशी त्याची लक्षणे. नऊशेहून अधिक रुग्ण आढळले आणि सत्तरहून अधिक माणसे दगावली. शंभरातला एक भागही शोषला जात नाही हे खरे. पण थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण विषालाही लागू पडते. म्हणून हे औषध थोड्या दिवसांसाठीच घ्यायचे, हा नियम झाला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते टाळावे. त्यात सॅलिसिलेट असल्यामुळे ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, अशांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ताप किंवा कांजिण्या असलेल्या मुलांत सॅलिसिलेटमुळे यकृत व मेंदूला घातक असा रेय नावाचा विकार होण्याचा संभव असतो. त्यामुळे मुलांना हे औषध घरच्या घरी मुळीच देऊ नये. आणखी एक गोष्ट. आतड्यातल्या गंधकाशी संयोग होऊन बिस्मथचे काळे संयुग बनते, आणि जीभ व शौच काळे पडते. ते पाहून माणूस घाबरतो. हा काळेपणा औषध थांबवताच जातो. परंतु औषध घेतलेले नसताना डांबरासारखे काळे शौच झाले, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते, आणि तेव्हा विलंब करता कामा नये.

जुलाब थांबले म्हणजे सारे संपले, असेही मानता येत नाही, हे महाराष्ट्राने 2025 साली पाहिले. जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, हातापायांतली शक्ती एकाएकी जाऊ लागलेले रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. गियाँ-बारे असे त्या मज्जाविकाराचे नाव आहे. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, अनेकांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले, आणि काहींचा मृत्यू झाला. पुष्कळांना काही दिवस आधी जुलाब झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. या जंतूच्या बाह्य आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध जी अस्त्रे घडवते, ती मग स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात. प्रयोगशाळेत बिस्मथ या जंतूलाही मारतो. परंतु हा विकार दिसतो तो जुलाब ओसरल्यावर, शरीराची स्वतःचीच अस्त्रे उलटल्यावर. तेव्हा बिस्मथची पूड त्याला काय करणार? येथे उपाय एकच होता, तो जंतू पोटात न जाऊ देणे.

जुलाब लागलेच, तर पहिले कर्तव्य जंतूला मारणे हे नसून गेलेले पाणी भरून काढणे हे आहे. पटकीचे विष आतड्याचे पाणी बाहेर टाकणारे दरवाजे उघडते. पण साखर आणि मीठ यांना हातात हात घालून आत घेणारा दुसरा दरवाजा शाबूत राहतो. त्या वाटेने साखर व मीठ गेले, की त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा यांच्या पुड्या बांधून त्यांचे पाणी पिंपांतून वाटण्यास प्रारंभ केला. आईने, भावाने, ज्याला हात मोकळा असेल त्याने ते रुग्णाला पाजावे. जेथे शंभरातले तीस रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्या आत आले. 2023 साली या वैद्याला मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आजच्या प्रमाणित पुडीत लिटरभर पाण्यासाठी मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असते. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मुलांना याच्या जोडीने जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचे दूध तोडू नये, खाणे थांबवू नये. शौचातून रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, मूल सुस्त पडले असेल, लघवी होत नसेल, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता दवाखाना गाठावा.

मग बिस्मथचे स्थान कोणते? प्रौढ, अन्यथा निरोगी माणसाच्या साध्या जुलाबांत, थोड्या दिवसांसाठी, वैद्याच्या सल्ल्याने घ्यायचे ते एक चांगले दुय्यम औषध आहे. ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही आणि स्वच्छतेची तर नाहीच. वीस लाख जंतूंना ते पुरे पडते, दोन अब्जांना नाही, हा प्रयोगशाळेतला हिशेब कारखान्यांच्या वस्तीतही तसाच लागू आहे. जंतूंची संख्या पोटात जाण्याआधीच कमी करणे हे ज्यांच्या हातात आहे, त्यांचे औषध बिस्मथहून स्वस्त आहे. दर हजार लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगली विरंजक पूड टाकावी आणि तासभर थांबावे. विहीर वा टाकी पिण्याजोगी होते. घरी पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे, आणि ते काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. गटाराच्या शेजारून जाणारा गळका नळ वेळीच दुरुस्त व्हावा.

यांतले उकळणे आणि हात धुणे घरातल्या माणसाला करता येते. टाकी धुणे, पूड टाकणे आणि नळ दुरुस्त करणे हे मात्र कारखान्याचे, ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे काम आहे. सिलतऱ्याच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला दिवसाला घोटाघोटाने कितीतरी लिटर पाणी प्यावे लागते. ते कोठले प्यावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला क्वचितच असतो. ज्यांना तो अधिकार आहे, त्यांनी तो बजावला, तर त्याच्यावर जुलाबांच्या औषधाची बाटली हलवण्याची वेळ फारशी येणार नाही.